जीपॉनवर आयपीटीव्ही: चित्र गेलं की आधी घड्याळ बघा

नव्या जीपॉन जाळ्यावर (एकच फायबर अनेक घरांत वाटणारं जाळं) आयपीटीव्हीचं, म्हणजे डेटाच्या पॅकेटांतून येणाऱ्या टीव्हीचं, पहिलं चॅनल उमटलं की खोलीतले सगळे खूश होतात. आम्ही त्या क्षणी स्टॉपवॉच सुरू करतो. मल्टिकास्टचा (एकच प्रत अनेकांना वाटण्याच्या पद्धतीचा) प्रत्येक प्रोटोकॉल आपापल्या ठरलेल्या मुदतीवर चालतो, त्यामुळे चित्र किती वेळानं गेलं हे नेमकं कळलं की दोष कुठल्या थरात आहे ते निम्मं कळतं. १०५ सेकंद, २१० सेकंद, २६० सेकंद हे तीन आकडे आता पाठ झाले आहेत. ते कुठून येतात ते ओघात येईलच. उभारणी ज्या क्रमानं केली त्याच क्रमानं सांगतो.

मांडणी नेहमीचीच. हेडएंडला, म्हणजे वाहिन्या जिथून निघतात त्या केंद्रात, १२० वाहिन्या, त्यापैकी ९० एसडी प्रत्येकी २.५ मेगाबिटच्या आणि ३० एचडी प्रत्येकी ८ मेगाबिटच्या, सगळ्या एच.२६४ पद्धतीनं दाबलेल्या. पुढे दोन राउटर, मग १६ पॉन पोर्टांची ओएलटी (केंद्राकडचं फायबरचं यंत्र), प्रत्येक पोर्टावर ३२ घरं. बेरीज ४६५ मेगाबिट होते, पण तारेवर तेवढीच जात नाही. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं, म्हणजे व्हिडिओ वाहणाऱ्या प्रवाहाचं, पॅकेट १८८ बाइटचं असतं. अशी ७ मिळून १३१६ बाइट एका यूडीपी पॅकेटात भरतात. आठवं टाकलं तर १५०४ होऊन १५०० ची मर्यादा मोडते, म्हणून सातच. त्यावर एकावर एक वेष्टणं: आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट, मग इथरनेट आणि व्हीलॅन (एकाच तारेवरचं वेगळं आभासी जाळं) टॅग, शिवाय दोन फ्रेममधली रिकामी जागा. साधारण ६ टक्के वर धरायचे, म्हणजे ४६५ चे सुमारे ४९४ मेगाबिट होतात. ओएलटीला १ गिगाबिटचा अपलिंक देऊन त्याच तारेवर इंटरनेटही सोडणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

उलट बाजूनं पाहिलं तर हाच आकडा सुखाचा आहे. ५१२ घरांनी एकाच वेळी एचडी लावलं आणि प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली, तर ४ गिगाबिटहून जास्त लागतात. मल्टिकास्टमध्ये घरं कितीही असोत, छत ४९४ वरच राहतं.

वाहिन्यांचे पत्ते २३९ च्या पट्ट्यातून दिले. ते देताना एक सापळा आहे. मल्टिकास्ट आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट मॅक पत्त्यात (स्विच ओळखतो त्या पत्त्यात) उतरतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या आयपींचा मॅक एकच निघतो. २३९.१.१.१० आणि २३९.१२९.१.१० हे स्विचच्या दृष्टीनं जुळे भाऊ. स्विच जर मॅक पाहूनच वाटप करत असेल, तर एक वाहिनी मागणाऱ्याच्या दारात दोन येऊन पडतात. त्याहून वाईट म्हणजे २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x. हे पत्ते २२४.०.०.x शी जुळतात, आणि तो पट्टा राउटिंग प्रोटोकॉलांचा असल्यामुळे स्विच तो न गाळता सगळ्या पोर्टांवर सोडतो. हे दोन्ही पट्टे पत्त्यांच्या तक्त्यातून पहिल्याच दिवशी खोडून टाकावेत.

फायबरचं काम आटोपशीर सांगतो. ओएलटीचा लेझर ३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), १:४ आणि १:८ असे दोन टप्प्यांचे स्प्लिटर मिळून सुमारे १७.७ डीबी, ६ किलोमीटर फायबरचे १४९० नॅनोमीटरवर दीड डीबी, जोड आणि कनेक्टर मिळून अडीच. घरात उणे १८.७ च्या आसपास यायला हवं. बी प्लस वर्गाच्या ओएनटीची (घरातल्या फायबरच्या यंत्राची) मर्यादा उणे २७ आहे, पण उणे २५ च्या खाली गेलेलं घर आम्ही चालू करत नाही. आधी कनेक्टर पुसायचा, मग पुन्हा मोजायचं. निम्म्या वेळा तेवढ्यानंच २-३ डीबी परत येतात. इंटरनेट उणे २७ वरही चालतं, कारण हरवलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा मागवतं. व्हिडिओचा यूडीपी काहीच मागवत नाही. म्हणून ‘नेट तर मस्त चाललंय, टीव्हीच फुटतोय’ ही तक्रार आली की आम्ही ओएनटीचा प्रकाश आणि बीआयपी एररचा (बिट चुकल्याचा) काउंटर आधी बघतो.

आता राउटर. एन्कोडर (व्हिडिओचा प्रवाह बनवणारं यंत्र) चालू आहे, हेडएंडच्या लॅपटॉपवर चित्र दिसतंय, पण राउटरच्या पलीकडे शुकशुकाट, असं झालं तर टीटीएल, म्हणजे पॅकेटनं किती राउटर ओलांडायचे तो आकडा, तपासा. पुष्कळ एन्कोडर आणि सॉफ्टवेअर मल्टिकास्टचा टीटीएल १ ठेवूनच येतात. पहिल्या राउटरनं एक वजा केला की पॅकेट तिथेच संपलं. आम्ही सरसकट ३२ ठेवतो. दुसरी नेहमीची भानगड आरपीएफची. राउटर मल्टिकास्ट पॅकेट घेताना विचारतो: या स्रोताकडे परत जायचा माझा रस्ता ह्याच पोर्टावरून आहे का? नसेल तर पॅकेट टाकून देतो, आणि तेही गुपचूप. एन्कोडरला दोन लॅन कार्डं असतात, एक व्यवस्थापनाचं आणि एक व्हिडिओचं. स्ट्रीम व्हिडिओच्या कार्डातून निघतो आणि त्यावर स्रोताचा पत्ता मात्र व्यवस्थापनाच्या कार्डाचा असतो. राउटरवर आरपीएफ फेलचा आकडा भराभर चढताना दिसला की कारण बहुतेक हेच.

पिमच्या, म्हणजे राउटरांनी एकमेकांकडून वाहिनी मागण्याच्या प्रोटोकॉलच्या, मुदती लक्षात ठेवा. शेजारी राउटर दर ३० सेकंदांनी हॅलो देतो आणि त्याची मुदत १०५ सेकंद असते. वाहिनी मागणारा जॉइन दर ६० सेकंदांनी ताजा होतो, त्याची मुदत २१० सेकंद. आमच्याकडे एकदा चित्र अगदी काटेकोर साडेतीन मिनिटांनी जायचं. पहिला जॉइन वर पोचत होता, नंतरचे नाही. वरच्या राउटरच्या सीपीयूला वाचवण्यासाठी लावलेली गाळणी पिमची पॅकेटं अधूनमधून नव्हे, तर बूट झाल्यानंतरच्या पहिल्या गर्दीनंतर जवळपास सगळीच अडवत होती. गाळणीत पिमसाठी वेगळी जागा केली आणि प्रश्न मिटला.

ओएलटीवर व्हिडिओला स्वतंत्र मल्टिकास्ट व्हीलॅन दिला. ग्राहकांचे व्हीलॅन कितीही असले तरी वाहिनीची प्रत ओएलटीत एकदाच येते आणि प्रत्येक पॉन पोर्टावर मल्टिकास्टच्या जेम पोर्टातून (जीपॉनमधल्या आतल्या वाटेतून) एकदाच जाते; प्रकाश स्प्लिटरमधून सगळ्या ३२ घरांत जातोच, ज्यानं मागितलं तो ओएनटी उचलतो, बाकीचे सोडून देतात. जीपॉनचं एन्क्रिप्शन प्रत्येक ओएनटीच्या स्वतंत्र किल्लीवर चालतं, त्यामुळे मल्टिकास्टला ते लागू होत नाही. वाहिनीचं कुलूप, म्हणजे परवानगी असलेल्यालाच ती उघडणं, हे टीव्हीच्या बॉक्समधल्या कंडिशनल अ‍ॅक्सेसचं काम आहे, फायबरवर विसंबू नका.

आता २६० सेकंद. आयजीएमपीत, म्हणजे बॉक्सनं वाहिनी मागण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, कुणीतरी क्वेरिअर लागतो. तो दर १२५ सेकंदांनी विचारतो की कोण काय बघतंय; बॉक्सनं १० सेकंदांच्या आत रिपोर्ट द्यायचा. दोन प्रश्न हुकले, म्हणजे २५० आणि वरचे १० सेकंद गेले, की स्विच समजतो घरात कुणी नाही आणि पुरवठा तोडतो. म्हणून चित्र ४ मिनिटं २० सेकंदांनी जातं. रिमोटवर चॅनल पुढे-मागे केलं की परत येतं, आणि पुन्हा ४ मिनिटं २० सेकंदांनी जातं. बॉक्स नवं चॅनल लावताना न विचारता एक रिपोर्ट पाठवतो, त्यावर ही २६० सेकंदांची उधारी मिळते. क्वेरिअरच नेमलेला नसतो तेव्हा हे होतंच, पण आम्हाला तो सगळीकडे नेमलेला असूनही दोष दिसला. अशा वेळी बॉक्सच्या तोंडाशी वायरशार्क (पॅकेटं पाहण्याचं सॉफ्टवेअर) लावून दोनच गोष्टी पाहायच्या: क्वेरी येते का, आणि रिपोर्ट जातो का. क्वेरी येत नसेल तर वरचा दोष. क्वेरी येऊनही रिपोर्ट जात नसेल तर बॉक्स किंवा ओएनटीची फायरवॉल. दोन्ही ठीक असेल तर रिपोर्ट वाटेत मरतोय, आणि तो बहुधा ओएनटीतल्या व्हीलॅनच्या नियमात अडकलेला असतो.

आमच्या प्रकरणात चौथंच काहीतरी निघालं. एका घरातला राउटर स्वतःच क्वेरी सोडत होता, आणि तीही वरच्या दिशेला. क्वेरिअरच्या निवडणुकीत सगळ्यात लहान आयपी जिंकतो. त्या राउटरचा आयपी ओएलटीपेक्षा लहान होता, म्हणून ओएलटी गुमान बाजूला झाली. घराघरांतलं टीव्हीचं भवितव्य मग एका घरातल्या राउटरच्या हाती! तो रात्री बंद झाला की काही मिनिटं गोंधळ, मग ओएलटी पुन्हा सूत्रं घेणार, सकाळी पुन्हा तेच. शिवाय त्याची क्वेरी व्हर्जन २ ची असेल तर व्हर्जन ३ बोलणारे बॉक्सही खाली उतरून व्हर्जन २ बोलायला लागतात, आणि स्रोत सांगून वाहिनी मागण्याची सोयच जाते. ग्राहकाच्या बाजूनं येणारी क्वेरी ओएलटीवर सरळ टाकून द्यायची, हा नियम तेव्हापासून आमच्या साच्यात कायमचा आहे. त्याच्या शेजारीच दुसरा: ग्राहकाकडून वर येणारा मल्टिकास्ट डेटाही बंद. नाहीतर कुणाचा कॅमेराही वाहिनी बनून बसतो.

चॅनल बदलताना बॉक्स जुन्या वाहिनीचा लीव्ह (सोडल्याचा निरोप) पाठवतो. नियमाप्रमाणे क्वेरिअर एकेका सेकंदाच्या अंतरानं दोनदा विचारतो की आणखी कोणी बघतंय का, आणि मग तोडतो. म्हणजे जुनी वाहिनी २ सेकंद उगाच येत राहते. कुणी भराभर चार एचडी चॅनल पालटले की तेवढ्या वेळात ३२ मेगाबिट साचतात. ग्राहकाला २५ मेगाबिटचा शेपर (वेगाचा लगाम) असेल तर नवं चित्र फुटतं. शिवाय ग्राहकामागे ३ वाहिन्यांची मर्यादा लावली असेल तर चौथी काळीच. यावर उपाय फास्ट लीव्ह: लीव्ह आला की विचारणा न करता तोडायचं. काम झकास होतं, जोवर घरात एकच बॉक्स आहे. एका पोर्टामागे दोन बॉक्स असले आणि दोघांवर एकच वाहिनी असली, तर हॉलमधल्यानं चॅनल बदललं की आतल्या खोलीतलं चित्र गोठतं. ते पुढच्या क्वेरीवर, म्हणजे दोनेक मिनिटांत आपोआप परत येतं, त्यामुळे तपासायला माणूस जाईपर्यंत सगळं ठीक असतं. या तक्रारीवर आमचे फार दिवस गेले.

उपाय दोन आहेत. घरच्या गेटवेत आयजीएमपी प्रॉक्सी असेल तर तो सगळ्या बॉक्सांचा हिशोब स्वतः ठेवतो आणि शेवटचा बॉक्स गेल्यावरच वर लीव्ह पाठवतो. मग ओएलटीवर फास्ट लीव्ह निर्धास्त ठेवा. ओएनटी ब्रिज मोडमध्ये (पॅकेटं नुसती पुढे ढकलणारा) असेल तर प्रत्येक बॉक्स ओएनटीच्या वेगळ्या पोर्टावर लावायचा आणि फास्ट लीव्ह पोर्टनिहाय ओएनटीत ठेवायचा, ओएलटीत नाही. व्हर्जन २ मध्ये एका बॉक्सचा रिपोर्ट ऐकला की दुसरा गप्प बसतो, त्यामुळे कोण कोण बघतंय याची नोंद पूर्ण राहत नाही. ती व्हर्जन ३ मध्येच राहते. ग्राहकामागच्या वाहिन्यांची मर्यादा मोजताना दोन बॉक्स, प्रत्येकी एक पाहणं आणि एक रेकॉर्डिंग असे चार धरून आम्ही ६ ठेवतो.

घरातल्या तारांकडे कुणी लक्ष देत नाही, पण निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. साधा पाच पोर्टांचा स्विच मल्टिकास्ट ओळखत नाही. तो ८ मेगाबिटची वाहिनी सगळ्या पोर्टांवर ओततो. त्यातल्या एका पोर्टावर वायफायचं यंत्र असलं की ‘टीव्ही लावला की वायफाय मरतं’ ही प्रसिद्ध तक्रार येते. वायफायवर मल्टिकास्ट फ्रेमला पोच नसते, म्हणून पुन्हा पाठवणंही नाही. शिवाय ती सगळ्यांना ऐकू जावी म्हणून सगळ्यात हळू ठरलेल्या वेगानं जाते, बऱ्याच यंत्रांत १ किंवा ६ मेगाबिट. सहाच्या नळीतून आठ कसे जाणार? त्यात एखादा फोन झोपेत असला तर यंत्र मल्टिकास्ट फ्रेम धरून ठेवतं आणि पुढच्या ठराविक बीकननंतर घाऊक सोडतं. चित्र अडखळतं ते त्यामुळेही. वायफायवरच टीव्ही द्यायचा असेल तर मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये रूपांतर करणारं यंत्र हवं. नाहीतर केबल ओढा. आम्ही शक्य तिथे केबलच ओढतो, आणि स्विच लागलाच तर आयजीएमपी स्नूपिंगवाला, म्हणजे कोण काय मागतंय ते ऐकून तिथेच सोडणारा.

क्यूओएसची, म्हणजे कुठलं पॅकेट आधी सोडायचं या प्राधान्याची, चाचणी रिकाम्या जाळ्यावर करून उपयोग नाही. आवाजाला प्राधान्य ५, व्हिडिओला ४, इंटरनेटला ० असं लावलं आणि सगळं हिरवं दिसलं, पण आयपर्फ या भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरनं ग्राहकाची लाइन पूर्ण भरल्यावर टीव्ही फुटला. दुसरा टॅग चढवताना आतल्या टॅगचं प्राधान्य बाहेरच्यावर उतरवलंच नव्हतं. बाहेरचा टॅग ० घेऊन फिरत होता आणि मधले स्विच त्यालाच मानत होते.

यापेक्षा चिवट दोष मायक्रोबर्स्टचा, म्हणजे क्षणभराच्या लोंढ्याचा. आलेखावर पोर्ट ३० टक्क्यांवर आहे, तरी ड्रॉपचा काउंटर चढतोय. एन्कोडरचं सरासरी ८ मेगाबिट खरं, पण दृश्य पालटलं की १०० किलोबाइटची आय-फ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) तयार होते आणि गिगाबिटचं कार्ड ती ०.८ मिलिसेकंदात बाहेर फेकतं. तोच घास ओएनटीच्या १०० मेगाबिटच्या पोर्टाला गिळायला ८ मिलिसेकंद लागतात. मधल्या वेळात बफर पुरला नाही की शेपूट कापली जाते. ओळख अशी: ठराविक वाहिन्यांवर, दृश्य बदलतानाच चौकोन पडतात, बातम्या वाचणारा माणूस मात्र छान दिसतो. उपाय जाळ्यात नाही, एन्कोडरमध्ये आहे. आउटपुट सीबीआर (कायम एकाच बिटरेटचं) करा आणि पॅकेटं समान अंतरानं सोडायला लावा. ओएनटीचा बफर वाढवायला जागाच नसते.

मोजणी कशानं करायची यावर आमच्यात अजून वाद आहेत, एका गोष्टीवर नाहीत: पिंग निरुपयोगी आहे. ब्रॉडबँड फोरमच्या टीआर-१२६ मध्ये एचडीसाठी ४ तासांत एक डोळ्यांना दिसणारा बिघाड ही मर्यादा सुचवलेली आहे. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ७६० पॅकेट, ४ तासांत १ कोटी ९ लाख. त्यातलं एक हरवायची मुभा. हजार पिंगांत शून्य टक्के लॉस आला यानं काहीच सिद्ध होत नाही. कंटिन्युइटी काउंटर (ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या पॅकेटांचा क्रमांक) जरूर पाहा, पण तो ४ बिटांचा, ० ते १५. एकाच पीआयडीची (स्ट्रीममधल्या एका उपप्रवाहाची) बरोबर १६ पॅकेटं गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. आरटीपी असेल तर त्याचा १६ बिटांचा क्रमांक जास्त भरवशाचा. एमडीआय या मापात डिले फॅक्टर (पॅकेटं येण्याच्या वेळेतली चढउतार) ५० मिलिसेकंदांच्या आत आणि मीडिया लॉस शून्य, ही आमची स्वीकृतीची रेघ. मोजायचं तीन जागी एकाच वेळी: हेडएंडच्या बाहेर, ओएलटीच्या अपलिंकवर, बॉक्सच्या तोंडाशी. मधल्या जागेवर स्वच्छ आणि शेवटी मळकं असेल तर फायबर किंवा घर.

चॅनल बदलायला अडीच सेकंद लागतात म्हणून सगळे आयजीएमपीला शिव्या देतात. जॉइन ओएलटीपर्यंत पोचून वाहिनी सुटायला शंभरेक मिलिसेकंदच जातात; वरून आणावी लागू नये म्हणून पहिल्या वीस वाहिन्या आम्ही ओएलटीत कायम ओढून ठेवल्या आहेत. खरा वेळ जातो आय-फ्रेमची वाट पाहण्यात. एन्कोडरचा जीओपी (दोन आय-फ्रेममधलं अंतर) २ सेकंदांचा तर सरासरी वाट १ सेकंदाची. त्यावर बॉक्सचा बफर आणि वाहिनीचं कुलूप उघडणाऱ्या किल्लीची वाट. जीओपी १ सेकंदावर आणला तर अर्धा सेकंद वाचतो, पण त्याच दर्जाला बिटरेट जास्त लागतो. खेळाच्या वाहिन्यांचा १ केला, बाकीच्यांचा २ च ठेवला. आरएफसी ६२८५ मधली युनिकास्टनं झटपट सुरुवात देणारी पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी वेगळा सर्व्हर लागतो आणि सगळ्यांनी एकदम चॅनल बदललं की त्याच्यावरच भार येतो, म्हणून इथे घेतली नाही.

शेवटची चाचणी २८ तासांची. डीएचसीपीचा (बॉक्सला आयपी पत्ता देणाऱ्या व्यवस्थेचा) भाडेकाळ १ तासाचा असेल आणि नूतनीकरणाचं पॅकेट अडत असेल, तर बॉक्स बरोबर तासानं आयपी गमावतो. हे दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात कधीच दिसत नाही. आणि २८ का, तर व्हिडिओचा पीटीएस (फ्रेम कधी दाखवायची ती वेळ) ३३ बिटांचा आणि ९० किलोहर्ट्झचा असतो. तो २६ तास ३० मिनिटं ४३ सेकंदांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. चांगला डिकोडर ते निमूट सांभाळतो. आम्ही तपासलेल्या दोन मॉडेलांपैकी एक त्या क्षणी चार सेकंद काळा पडायचा, नव्या फर्मवेअरनं ते गेलं. एन्कोडर रीस्टार्ट केल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रॅकला चिकटवून ठेवली आहे. पीटीएस शून्यापासूनच सुरू होईल असं नाही, म्हणून शेजारी त्या वेळचं त्याचं मूल्यही लिहिलंय.